थोरली आणि बदली

निष्ठा आता माणसांत उरलेली नाही, ती फक्त लोखंडात उरली आहे, असा सिद्धान्त सांधेवाल्याने इस्पितळाच्या खाटेवर उताणं पडल्या पडल्या मांडला. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, खोकायला आणि हसायला बंदी होती, आणि अशा अवस्थेत सिद्धान्त मांडण्यापलीकडे माणसाला फारसं काही करता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, कारण त्यालाही उठून जाता येत नव्हतं. बरोबर त्याच वेळी, स्टेशनच्या यार्डात, संबंधित लोखंड एका परक्या माणसाच्या हातात लोण्यासारखं वळत होतं.

हे लोखंड म्हणजे थोरली दांडी. रेल्वेचा रूळ जिथे दोन वाटांना फुटतो त्या जागेला सांधा म्हणतात, आणि गाडीने कुठली वाट धरायची हे तिथली दोन हलती पाती ठरवतात. मोठ्या स्टेशनांत ही पाती हल्ली कुठल्यातरी थंडगार खोलीत बसलेला माणूस बटण दाबून हलवतो. हे स्टेशन तेवढं मोठं नव्हतं. इथे रुळाच्या कडेला जमिनीतून वर आलेली, माणसाच्या छातीला लागेल एवढी लोखंडी दांडी होती. ती अलीकडून पलीकडे ओढली, की तिला जोडलेली सळई फळ्यांखालून सरकायची आणि पाती हलायची. अशा दांड्या दोन. धाकटी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी, रोजच्या गाड्यांची. हलकी, सालस, कुणाचंही ऐकणारी. थोरली यार्डाच्या पार कोपऱ्यात, काचेच्या कारखान्याकडे जाणाऱ्या फाट्यावरची. तिची पाती दांडीपासून जरा लांब, दोन रूळ आणि गुडघाभर गवत ओलांडून पलीकडे होती. थोरली फक्त सांधेवाल्याचं ऐकायची.

तिला ओढायची एक पद्धत होती. ती सांधेवाल्याने स्वतः शोधून काढली होती, म्हणजे इतर कुणाला शोधायची गरज वाटली नव्हती. आधी तळव्यांवर फुंकर मारायची. मग डावा पाय समोरच्या दगडाला टेकायचा. त्या दगडाला त्याच्या बुटाचा खळगा पडला होता. मग दोन्ही हातांनी मूठ धरून सगळं अंग मागे टाकायचं आणि दातांतल्या दातांत म्हणायचं, "चल बाई." थोरली आधी रुसायची. मग कुरकुरायची. मग जुन्या कपाटाचं दार उघडावं तसा एक आवाज यायचा आणि ती यायची. तिच्या डोक्यावरची पत्र्याची चकती गर्रकन फिरायची, हिरवी बाजू जाऊन पांढरी पुढे यायची, आणि बघणारा कुणी असला तर म्हणायचा, "हे तुम्हालाच जमतं बुवा." बघणारं कुणी नसलं तर सांधेवाला थोडा वेळ वाट पाहायचा.

एकदा कुस्त्या मारणारा एक हमाल पैज लावून थोरलीला ओढायला गेला आणि ती जागची हलली नाही. सांधेवाल्याने त्या हमालाला स्वतःच्या खिशातून चहा पाजला आणि पुढे कायम त्याची आठवण फार प्रेमाने काढली. फिटरचं म्हणणं असं की थोरलीचं काही विशेष नाही, पात्यांखाली गंज चढलाय, तेल घातलं की पोरसुद्धा ओढेल. त्यानंतर फिटरला तेलाचा डबा घेऊन थोरलीच्या आसपास फिरकायची मुभा राहिली नाही.

"उभ्या नोकरीत मी दांडी मारली नाही, फक्त ओढली," हा सांधेवाल्याचा विनोद होता. नव्या माणसाला तो पहिल्या भेटीत ऐकवायचा आणि जुन्याला प्रत्येक भेटीत.

घरी थोरलीला वेगळं नाव होतं. सांधेवाल्याची बायको तिला सवत म्हणायची. सुरुवातीला चेष्टेने, मग सवयीने. "सवतीला आंघोळ घालून आलात वाटतं," ती त्याच्या पावसात भिजलेल्या शर्टाकडे बघून म्हणायची. किंवा शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे थोरली तिकडे असते, मी आपली धाकटी." सांधेवाल्याला यात बायकोचा मत्सर दिसायचा, आणि तो त्याला मनातून आवडायचा. आपल्यावरून घरात कुणीतरी जळतंय, ही भावना माणसाला नोकरीत टिकवून धरते.

हर्निया थोरलीमुळे झाला, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. "तिला मध्ये आणायचं कारण नाही," सांधेवाल्याने डॉक्टरांना बजावलं होतं.

*

इस्पितळातून सुटल्यावर तो घरी न जाता आधी यार्डात गेला. बायको पिशव्या घेऊन मागे.

सकाळची चाचणी चालली होती. नियमच होता: रोज सकाळी दोन्ही दांड्या एकदा अलीकडे, एकदा पलीकडे ओढून बघायच्या, चकती फिरते का पाहायचं आणि मास्तरांच्या खोलीकडे तोंड करून ओरडायचं, "दोन्ही ठीक!" सांधेवाल्याच्या जागी आलेला बदली माणूस थोरलीपाशी उभा होता. त्याला सगळे नुसतं बदलीच म्हणत. तरुण, सडपातळ, केस चापून बसवलेले. त्याच्या डाव्या हातात चहाचा ग्लास होता.

उजवा हात त्याने थोरलीच्या मुठीवर ठेवला. ठेवला म्हणजे, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. आणि थोरली आली. ना रुसली, ना कुरकुरली. चकती फिरली, पांढरी झाली. बदलीने चहाचा एक घोट घेतला आणि तिला परत पाठवली. ती गेली.

"दोन्ही ठीक!" बदली ओरडला. मग त्याचं लक्ष गेलं. "अरे, काका! आलात? तब्येत कशी आहे?"

काका हा शब्द सांधेवाल्याला टाक्यांच्या बरोबर वर लागला.

"वा," बायको म्हणाली. "चहासुद्धा सांडला नाही हो."

*

मास्तरांनी त्याचं स्वागत खुर्चीवरून अर्धवट उठून केलं. मास्तर तिकिटांच्या बाजूने बढती मिळवत आलेले. रुळांच्या बाजूची त्यांना फारशी माहिती नव्हती आणि ती असावी असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. खोलीत पंखा जोरात फिरत होता. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक जाडजूड लोखंडी खीळ ठेवलेली होती.

"डॉक्टर म्हणतात तुम्ही सध्या जड काही ओढायचं नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही काही दिवस फाटक सांभाळा. फाटकवाला निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामीच आहे. बसून काम. दुपारी घरी जेवायला जाता येईल."

"आणि थोरली?"

"ती काय, बदली बघतो की. एका हातानं ओढतो हो तो! मी स्वतः पाहिलं. इतकी वर्षं तुम्ही केवढं अवघड करून ठेवलं होतंत."

सांधेवाल्याने टेबलावरची खीळ उचलली, ती हातात फिरवली, तिच्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं आणि पुन्हा कागदांवर ठेवली. विचारात असला की हाताला लोखंड लागायचं त्याच्या.

फाटक म्हणजे सांधेवाल्याच्या दृष्टीने अपमानच होता. तिथे एक चरक होता, तो फिरवला की आडवा बांबू वर जायचा, उलटा फिरवला की खाली यायचा. त्यात रुसवा नव्हता, कुरकुर नव्हती. खुर्ची मात्र अशा जागी होती की तिथून थोरली स्वच्छ दिसायची. हे दुर्दैव की सोय, हे त्याने स्वतःशी कधी ठरवलं नाही.

तो बघत बसायचा. आयुष्यभर या माणसाने दांडी ओढली की आधी पात्यांकडे पाहिलं होतं. पाती रुळाला घट्ट बिलगली का, मध्ये खडा तर अडकला नाही. नव्या माणसांना तो तेच शिकवायचा: चकती बाईच्या कुंकवासारखी, दिसते छान, पण संसार पात्यांचा. आता तो पात्यांकडे बघत नव्हता. तो हाताकडे बघत होता. बदलीचा हात थोरलीवर किती वेळ राहतो, ओढून झाल्यावर लगेच सुटतो की रेंगाळतो, याकडे त्याचं बारीक लक्ष असायचं. एकदा बदलीने ओढताना शीळ घातली. एकदा तर त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, प्लॅटफॉर्मवरच्या कुणाशी तरी बोलता बोलता मागच्या मागे हात नेऊन ओढली. सांधेवाल्याला हे शिळेपेक्षा जास्त झोंबलं. इतकी जवळीक!

फाटकापाशी हातगाड्यांची रांग लागायची. "ओ काका, गाडी जाऊन युग झालं, बांबू उचला!" लोक ओरडायचे. आता सगळं जग त्याला काका म्हणू लागलं होतं.

एका दुपारी बदली जेवायला गेलेला पाहून तो थोरलीपाशी गेला. ओढून बघावं असं मनात आलं नाही असं नाही. पण ज्याची ड्यूटी त्याच्याशिवाय दांडीला कुणी हात लावायचा नाही, हा नियम यार्डात त्यानेच ओरडून ओरडून मुरवला होता. आणि शिवाय दुसऱ्याच्या हाताखाली असलेल्या दांडीला चोरून हात लावणं त्याला हलकटपणाचं वाटलं. म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, टाके सांभाळत कमरेत वाकला आणि थोरलीच्या मुठीचा वास घेतला.

केसांच्या तेलाचा वास आला. मोगऱ्याचा.

"काय रे," मागून फिटर म्हणाला, "हुंगतोस काय?"

"काही नाही. गंज बघतोय."

"गंज नाकानं बघतात?"

"तू हिला तेल घातलंस?" सांधेवाला वळला. त्याच्या आवाजात एकदम आशा आली. तेल असेल तर गोष्ट वेगळी. तेल म्हणजे फसवणूक. तेल म्हणजे शुद्धीत नसताना झालेलं.

"आई शप्पथ, थेंबसुद्धा नाही," फिटर म्हणाला. "तूच बंदी घातलीस ना? मी तुझा शब्द मोडत नाही." आणि तो आणखी काही सांगणार तेवढ्यात फाटकावर भोंगे वाजायला लागले आणि सांधेवाला पोट धरून पळाला.

म्हणजे तेल नव्हतं. राजीखुशीने होतं सगळं.

*

"पोटात दुखतंय का?" बायकोने त्या दिवशी जेवताना विचारलं.

"नाही."

"तोंडावरून तर वाटतंय. डॉक्टरांना विचारायला हवं, टाक्यांमुळे दुखतंय की दुसऱ्याचं बरं चाललेलं बघून."

"मला काय कुणाचं!" सांधेवाला म्हणाला. "पण तो मुलगा केसांना तेल लावून त्याच हातानं दांडी धरतो. घाणेरडी सवय आहे. हात सटकला म्हणजे?"

"सटकत तर नाही. एका हातानं काम करतो बिचारा."

"बिचारा कसला!"

"आणि बोलतो किती गोड. काल नळावर घागर भरून दिली मला. काकू म्हणतो."

सांधेवाल्याने घास खाली ठेवला. "म्हणजे तुलापण?"

बायको हसायला लागली. बराच वेळ हसली. तिच्या पोटावर टाके नव्हते. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "आता कळलं का? इतकी वर्षं तुम्ही तिचं कौतुक सांगायचात. आज अशी रुसली, आज तशी आली. हातावरचे फोड दाखवायचात, बक्षीस मिळाल्यासारखे. मी ऐकून घ्यायचे. आता तुम्ही बसा ऐकत."

"तू खरंच जळायचीस?"

"लोखंडावर?" बायको म्हणाली. आणि ताटं उचलता उचलता, जरा थांबून, "सुरुवातीला जळायचे. मग थंडीत तुमचे हात बघून तिची कीव यायला लागली. अहो, फाटकच बरं आहे. दुपारी घरी येता. गरम खाता. माणसासारखे दिसता."

पण सांधेवाल्याच्या कानांपर्यंत यातलं 'जळायचे' एवढंच पोचलं, आणि तेही त्याला आता कामाचं नव्हतं. सवतीमत्सर हा शब्द पुरुषांसाठी का नाही, याचा त्याने दुपारभर फाटकावर बसून विचार केला आणि एक मालगाडी बांबू वर असतानाच निघून गेली.

*

त्या मालगाडीमुळे मास्तरांनी बोलावलं. पंखा फिरत होता, खीळ कागदांवर होती.

"मी वरच्या ऑफिसला लिहितोय," मास्तर म्हणाले. "बदलीला दांड्यांवर कायम करा, तुम्हाला फाटकावर कायम करा. तुमच्याच भल्याचं आहे. फक्त फाटक जरा वेळेवर बंद करत जा."

"साहेब, थोरली त्याची नाही."

"ती रेल्वेची आहे."

"तसं नाही हो. तिचा स्वभाव मला माहीत आहे. आत्ता नवलाई आहे, म्हणून चालतेय त्याच्यासोबत. ऐन वेळी अडेल. तेव्हा कोण ओढणार?"

मास्तरांनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. त्यांनी आजवर लोकांना नोकरीवरून, बढतीवरून, सुट्टीवरून भांडताना पाहिलं होतं. हे नवीन होतं. पण मास्तर मुळात भला माणूस, आणि कागद पाठवण्याआधी कुणाचं मन राखता आलं तर त्यांना बरं वाटायचं.

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? ओढायला हरकत नाही म्हणून?"

"परवा मिळेल."

"मग परवाच सकाळी चाचणीच्या वेळी दोघांनी ओढा. माझ्यासमोर. ज्याच्या हातात दांडी नीट चालेल, त्याला ती. मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

सांधेवाल्याने टेबलावरची खीळ पुन्हा उचलली होती. ती त्याने मुठीत आवळली आणि म्हणाला, "चालेल." मग ती खाली ठेवली. कागद तेवढ्यात उडायला लागले होते.

आदल्या दुपारी तो थोरलीपाशी जाऊन उभा राहिला. हात पाठीमागे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून खालच्या आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. मी काही विचारणार नाही. पण उद्या चारचौघांत माझी लाज राख. त्याला जरा अड. अगदी थोडीशी. मग मी येतोच."

थोरलीने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. सांधेवाल्याने तो होकार धरला.

*

सकाळी यार्डात बरीच माणसं जमली होती. तिकीट खिडकी बंद करून तिकीटवाला आला होता. दोन हमाल होते. फिटर पाना खांद्यावर टाकून होता. सांधेवाल्याची बायको नळापाशी, घागर रिकामीच घेऊन उभी होती. मास्तर टोपी घालून आले होते. प्रसंगाला टोपी लागते की नाही याची खात्री नसल्यामुळे त्यांनी ती घातली होती.

"आधी तू," मास्तर बदलीला म्हणाले.

बदलीचा चेहरा खुलला नव्हता. "साहेब, काकांनाच द्या की," तो म्हणाला. "मला धाकटी चालेल."

"दान नको मला," सांधेवाला म्हणाला. "ओढ तू."

बदलीने एकदा मास्तरांकडे, एकदा फळ्यांकडे पाहिलं, आणि नाइलाजाने हात पुढे केला. आज चहा नव्हता. थोरली आली. चकती फिरली. थोरली गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

"वा!" तिकीटवाला म्हणाला.

सांधेवाल्याला वाटलं, कुणीतरी आपले टाके उसवतंय. काल एवढं सांगून! त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. तो थोरलीपुढे उभा राहिला. तळव्यांवर फुंकर मारली. डावा पाय दगडाच्या खळग्यात बसवला. बूट बरोबर बसला, दगडाने तरी इमान राखलं होतं. दोन्ही हातांनी मूठ धरली. मोगऱ्याचा वास नाकात शिरला आणि त्याबरोबर सगळं एकदम वर आलं: शीळ, चहाचा ग्लास, नळावरची घागर, काका. आपल्याला अडली तर बरंच, मग जगाला दिसेल की ही आपल्यासाठीच अडते, असा एक उलटा विचारही त्यात होता. त्याने डोळे मिटले, दात आवळले, आणि नोकरीत कधी टाकलं नव्हतं एवढं अंग मागे टाकलं.

"चल बाई!"

थोरली आली. यायची त्यापेक्षा फारच आली.

बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं की सांधेवाला आधी मागे गेला, मग वर गेला, आणि मग खडीवर पाठ टेकून पाय आभाळाकडे करून पडला. चकती फिरून पांढरी झाली होती. नियमाप्रमाणे पाहिलं तर चाचणी यशस्वी होती.

"अहो!" बायको घागर टाकून धावली. "टाके! टाके!"

"टाके ठीक आहेत," सांधेवाला खडीवरूनच म्हणाला. पण तो उठला नाही. पडल्या जागेवरून त्याचं डोकं जमिनीलगत होतं, आणि तिथून त्याला फळ्यांच्या खालचं दिसत होतं. उभ्या माणसाला ते कधी दिसत नाही. त्याला थोरलीचं खालचं टोक दिसलं, आणि त्या टोकाचं भोक दिसलं, आणि भोकातून आरपार पलीकडचं गवत दिसलं. सळई बाजूला, आपली वेगळी पडून होती. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"हिला सळईशी जोडणारी खीळ कुठे आहे?" तो म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फिटर पुढे आला, वाकला, आणि काही विशेष नसल्यासारखं म्हणाला, "मी काढली."

"कधी?"

"तू इस्पितळात गेलास त्याच आठवड्यात. कारखान्यानं फाटा बंद केला. माल आता ट्रकनं जातो. वरून हुकूम आला, पाती सरळ रुळाला पक्की करा, सळई सोडा. केली. सोडली." तो सांधेवाल्याला हात देत म्हणाला, "त्या दिवशी तू हुंगत होतास तेव्हा सांगणारच होतो, तर तू पळालास."

"मला का नाही सांगितलं?" मास्तर टोपी काढत म्हणाले.

"सांगितलं की, साहेब. तुम्ही फोनवर होतात. मी म्हटलं, ही थोरलीची खीळ, जपून ठेवा. तुमच्या हातात दिली."

"कसली खीळ?"

"टेबलावर आहे ती."

मास्तरांनी टोपी परत घातली.

मग सगळ्यांच्या माना बदलीकडे वळल्या. तो बुटाच्या टोकाने खडी उकरत होता. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "पाती हलेनात म्हणून वाकून बघितलं."

"आणि बोलला नाहीस?" सांधेवाला ओरडला.

"काका, पहिल्या दिवशी सगळे वा म्हणाले. मला शाळेत कुणी म्हणालं नाही, घरी कुणी म्हणालं नाही. म्हटलं, दोन-चार दिवस म्हणू देत, मग सांगू." त्याने थोरलीकडे ओझरतं बघितलं. "मग सांगायचं राहूनच गेलं."

बायकोने सांधेवाल्याची पाठ झाडली, शर्टातले खडे काढले. तिला वाटलं आता हा रडेल, किंवा त्या मुलाला मारेल. तो दोन्ही करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर, हळूहळू, ऊन पसरावं तसं काहीतरी पसरत होतं.

"म्हणजे," तो म्हणाला, "ती त्याच्यासाठी कधी हललीच नाही."

"कोण?" मास्तर म्हणाले.

"ओढली म्हणजे काय ओढली त्यानं? नुसता दांडा! पाती हलली का? सळई हलली का? पात्यांनी तर याला ओळखसुद्धा दाखवली नाही!" सांधेवाल्याने पुढे होऊन थोरलीच्या मुठीवर हात ठेवला, आणि खिशातला रुमाल काढून मोगऱ्याचं तेल पुसून टाकलं. अगदी मन लावून पुसलं. "हे आधी सांगितलं असतंत तर!"

"अहो, पण तुमच्यासाठीसुद्धा आता ती..." बायको बोलायला लागली, आणि नवऱ्याचं तोंड बघून थांबली. तिने घागर उचलली. "असू दे," ती म्हणाली. "घरी या वेळेवर."

मास्तरांपुढे वेगळाच पेच होता. कशालाही न जोडलेली दांडी इतके दिवस रोज सकाळी 'ठीक' म्हणून त्यांनी वर कळवली होती. आता ती ठीक नाही असं कळवावं, तर कधीपासून ठीक नाही असा प्रश्न येणार. त्यांनी बराच विचार केला. हुकुमात सांधा बंद करा असं म्हटलं होतं. दांडीची रोजची चाचणी बंद करा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा ती चालू ठेवायला हरकत नव्हती.

त्यांचा कागद जवळजवळ होता तसाच गेला. बदली धाकटीवर कायम झाला, म्हणजे ज्या दांडीवरून खरोखर गाड्या जातात त्या दांडीवर. सांधेवाला फाटकावर कायम झाला. मास्तरांनी शेवटी पेनाने एक ओळ वाढवली होती: थोरलीची चाचणी फाटकवाल्याने करावी. सांधेवाल्याने ती ओळ दोनदा वाचून दाखवायला लावली आणि बाहेर येऊन बदलीला दिलदारपणे चहा पाजला.

आता रोज सकाळी फाटकावर जाण्याआधी तो थोरलीपाशी जातो. तळव्यांवर फुंकर मारतो. डावा पाय खळग्यात टेकवतो. मग दोन्ही हातांनी, अंग मागे टाकून, सावकाश, मध्येच अडल्यासारखं करत, तिला ओढतो. दातांतून "चल बाई" म्हणतो. चकती फिरते. प्लॅटफॉर्मवरचा एखादा नवखा प्रवासी थबकून बघतो आणि म्हणतो, "फारच जड असेल नाही?" सांधेवाला घाम पुसतो आणि म्हणतो, "सवय लागते."

दुपारी तो जेवायला घरी येतो. गरम खातो.

खीळ मास्तरांच्या टेबलावरच आहे. पंखा लावला की कागद उडतात.